टीव्हीच्या बॉक्सवर गाणी: नीट ऐकू येईपर्यंतचं सगळं

टीव्हीखालचा बॉक्स आपण मालिका, सामने आणि सिनेमांसाठी घेतो आणि गाणी मात्र फोनच्या नखाएवढ्या स्पीकरवर ऐकत राहतो. खरं तर त्या बॉक्सला इंटरनेट असतं, चार्जिंगची चिंता नसते आणि घरातले सगळ्यात मोठे स्पीकर बहुधा त्याच्या शेजारीच असतात. बॉक्सवरून संगीत ऐकायचं तर दोनच गोष्टी नीट ठरवाव्या लागतात. गाणं इंटरनेटवरून कोण आणणार, फोन की बॉक्स? आणि आवाज शेवटी कुठून बाहेर पडणार? बाकीचं सगळं सेटिंग्जचं काम आहे, आणि ते एकदाच करावं लागतं.

आधी बॉक्स ओळखा

बॉक्सची मागची बाजू पाहा. फक्त केबलची किंवा डिशची गोल पिनवाली वायर आणि टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय एवढंच असेल, आणि मेनूत वायफायचा पत्ताच नसेल, तर त्या बॉक्सवर इंटरनेटचं संगीत वाजणार नाही. त्यात दिसणारी ‘म्युझिक चॅनेल’ ही उपग्रहावरून किंवा केबलवरून एकाच दिशेने येणारं प्रसारण असतात. जे लागेल ते ऐकायचं, गाणं निवडायची सोय नाही. अशा बॉक्सच्या यूएसबी पोर्टमध्ये कुठलाही वायफाय डोंगल खोचून काम होईल असं वाटतं, पण बॉक्स बनवणाऱ्याने ज्या डोंगलची सोय ठेवली असेल तेच चालतात. माहितीपुस्तिकेत तसा उल्लेख असेल तरच त्या वाटेला जा.

इथरनेटचं चौकोनी तोंड किंवा सेटिंग्जमध्ये वायफाय, आणि सोबत ॲप स्टोअर, एवढं असेल तर काम झालं. अँड्रॉइड टीव्ही किंवा गूगल टीव्हीवर चालणारे बॉक्स, अ‍ॅपल टीव्ही, रोकू, फायर टीव्ही ही सगळी याच कुळातली. जुना बॉक्स चॅनेलसाठी तसाच ठेवून टीव्हीच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात छोटी स्टिक लावली तरी चालतं. तिला वीज मात्र तिच्या स्वतःच्या अडॅप्टरवरूनच द्या. टीव्हीच्या साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळेल अशी खात्री असते. तो अपुरा पडला की स्टिक मधूनच बंद होऊन पुन्हा सुरू होते, आणि आपण विनाकारण नेटला शिव्या देत बसतो.

एक इशारा इथेच देतो, कारण या बॉक्सवर तुम्ही तुमचं खातं उघडणार आहात. कुठल्याही नावाने विकले जाणारे, गूगलची मान्यता नसलेले अँड्रॉइड बॉक्स टाळा. २०२३ मध्ये ‘टी९५’ नावाने विकल्या जाणाऱ्या बॉक्समध्ये विकण्याआधीच घातलेलं मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं होतं. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये ‘प्ले प्रोटेक्ट’ प्रमाणपत्र आहे की नाही ते दिसतं. तिथे प्रमाणित नाही असं लिहिलेलं असेल, तर त्या बॉक्सवर पासवर्ड टाकू नका.

नेट किती लागतं?

वाटतं त्यापेक्षा फारच कमी. स्पॉटिफायचा ३२० केबीपीएसचा (सेकंदाला इतके हजार बिट; हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस) दर्जा किंवा अ‍ॅपल म्युझिकचा २५६ केबीपीएसचा एएसी (आवाज आवळायची एक पद्धत), यातलं काहीही अर्ध्या एमबीपीएसच्या आत बसतं. सीडीच्या दर्जाचा, काहीही न गाळलेला आवाज म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने). त्याला १,४११ केबीपीएस लागतात, आणि फ्लॅकसारख्या पद्धतीने आवळला की त्याहून बरेच कमी. डेटाचा हिशेब सोपा आहे: ३२० केबीपीएसला तासाला १४४ एमबी, ९६ केबीपीएसला साधारण ४३ एमबी. याउलट गाण्याचा व्हिडिओ १०८०पी दर्जात लावून ठेवला तर तासाला एक जीबी सहज ओलांडला जातो. पडद्याकडे कुणी बघणारच नसेल तर व्हिडिओच्या ॲपवर गाणी लावणं म्हणजे डेटाची नुसती नासाडी. डेटा मोजून मिळत असेल तर एवढी एक सवय बदलली तरी महिनाअखेरीला फरक कळतो.

वेगापेक्षा सातत्य महत्त्वाचं. बॉक्स टीव्हीच्या पाठीमागे अडकवलेला असतो, टीव्हीची पाठ धातूची असते आणि वायफाय तिथेच अडतं. बॉक्स बाजूला काढून ठेवा. स्टिक असेल तर सोबत मिळणारी एचडीएमआयची छोटी जोडवायर वापरा, ती याचसाठी दिलेली असते. राउटर त्याच खोलीत असेल तर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४. मात्र ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४ च्याच पट्ट्यात असतात, त्यामुळे ओव्हन सुरू झाला की गाणं अडखळतंय असं दिसलं तर नवल नाही. बॉक्सला इथरनेट असेल आणि वायर नेणं शक्य असेल तर दुसरा विचारच नको. १०० एमबीपीएसचा जुना पोर्टही संगीताला कित्येक पटींनी पुरून उरतो.

गाणं कोण आणणार?

इथे तीन वाटा आहेत. पहिली म्हणजे बॉक्सवरच ॲप टाकणं. स्टोअरमधून ॲप घ्या, उघडा. पडद्यावर एक छोटा कोड येईल. रिमोटने एकेक अक्षर वेचत पासवर्ड टाकायच्या फंदात पडू नका. फोनवर त्या सेवेचं कोड टाकायचं पान उघडा, कोड भरा, बॉक्स आपोआप आत जातो. ही वाट भरवशाची आहे, पण टीव्हीच्या पडद्यावर गाणी शोधणं हा वेळखाऊ उद्योग आहे.

दुसरी वाट म्हणजे फोनवर निवडायचं आणि बॉक्सने वाजवायचं. गूगल कास्ट (क्रोमकास्ट २०१३ मध्ये आला तेव्हापासूनची पद्धत) आणि स्पॉटिफाय कनेक्ट या दोन्हींत फोन फक्त ‘हे वाजव’ असा निरोप देतो. गाणं बॉक्स स्वतः इंटरनेटवरून थेट उचलतो. त्यामुळे फोनवर कॉल आला, स्क्रीन बंद झाली, अगदी फोन घेऊन तुम्ही घराबाहेर पडलात, तरी गाणं चालूच राहतं. फोनची बॅटरीही जळत नाही. मला विचाराल तर रोजच्या वापराला हीच वाट.

करायचं असं:

१. फोन आणि बॉक्स एकाच वायफायवर आणा. एक २.४ वर आणि दुसरा ५ वर असला तरी हरकत नाही, राउटर तोच हवा.
२. फोनवर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारं ॲप) चालू असेल तर बंद करा.
३. संगीताच्या ॲपमध्ये गाणं लावा आणि कास्टचं चिन्ह (कोपऱ्यात लहरी असलेला चौकोन) किंवा उपकरणांची यादी उघडा.
४. यादीतून बॉक्स निवडा. दोन-तीन सेकंदांत आवाज फोनवरून टीव्हीकडे जातो.

यादीत बॉक्स दिसतच नसेल तर बहुतेक वेळा दोष राउटरमध्ये असतो. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर उपकरणांना एकमेकांना बघायची मनाई असते. काही राउटरमध्ये मुख्य नेटवर्कवरही ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ नावाचा पर्याय चालू असतो. तो बंद करा आणि राउटर एकदा बंद-चालू करा.

तिसरी वाट म्हणजे फोनचा आवाजच टीव्हीकडे पाठवणं: ब्लूटूथ, एअरप्ले किंवा अख्खी स्क्रीन दाखवणारं मिररिंग. एअरप्ले ही अ‍ॅपलची पद्धत वायफायवरून चालते, त्यामुळे आवाजाचा दर्जा चांगला राहतो. मिररिंगमध्ये फोनची स्क्रीन सतत जागी लागते, संगीतासाठी तो शेवटचा उपाय. ब्लूटूथवर गाणं फोनमध्ये उलगडतं आणि पाठवण्यासाठी पुन्हा आवळलं जातं. शिवाय बरेचसे अँड्रॉइड बॉक्स ब्लूटूथवरून आवाज पाठवतात, घेत नाहीत. म्हणून फोन जोडला गेला असं दिसतं, पण आवाज काही येत नाही. उलट दिशेने, म्हणजे बॉक्सवरून ब्लूटूथ स्पीकरकडे, मात्र छान चालतं. सिनेमा बघताना ब्लूटूथमुळे ओठ आणि आवाज मागेपुढे होतात. गाण्याला ओठच नसल्यामुळे तो त्रास इथे नाही.

खातं कुणाचं, हेही सुरुवातीलाच ठरवा. टीव्ही सगळ्या घराचा असतो आणि संगीत सेवा मात्र ऐकणारा एकच माणूस आहे असं धरून चालते. तुमच्या खात्यावर महिनाभर बालगीतं वाजली की पुढच्या शिफारशीही बालगीतांच्याच येतात. शिवाय साध्या खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. तुम्ही बाहेर हेडफोन लावलात की घरातलं गाणं थांबतं, आणि मग घरून फोन येतो. कुटुंबासाठीची योजना असेल तर टीव्हीसाठी त्यातलं एक वेगळं खातं राखून ठेवा.

आवाज कुठून काढायचा?

खरा फरक इथे पडतो. कितीही उंची दर्जाचं गाणं आणलं तरी पातळ टीव्हीचे स्पीकर छोटे असतात, त्यांची तोंडं खाली किंवा मागे असतात आणि खर्जाचे सूर त्यांना झेपत नाहीत. महागड्या योजनेपेक्षा आधी जुना ॲम्प्लिफायर किंवा साधा साउंडबार जोडा, मग दर्जाची चर्चा करू.

साउंडबार असेल तर एचडीएमआय एआरसी वापरा. २००९ मध्ये एचडीएमआय १.४ सोबत आलेली ही सोय. एरवी टीव्हीत आवाज घेऊन येणारी वायर याच पोर्टमधून आवाज बाहेरही नेते. टीव्हीच्या तीन-चार एचडीएमआय पोर्टांपैकी सहसा एकावरच ‘एआरसी’ किंवा ‘ई-एआरसी’ लिहिलेलं असतं. साउंडबार तिथेच लागतो, बॉक्स दुसऱ्या कुठल्याही पोर्टात. मग टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये सीईसी चालू करा. प्रत्येक कंपनीने त्याला आपापलं नाव दिलं आहे: सॅमसंगचं ‘एनिनेट प्लस’, सोनीचं ‘ब्राव्हिया सिंक’, एलजीचं ‘सिम्पलिंक’. हे चालू झालं की एकाच रिमोटने साउंडबारचा आवाज कमी-जास्त होतो.

एआरसी नसेल तर ऑप्टिकल, म्हणजे उजेडातून आवाज नेणारी वायर. या वायरीच्या दोन्ही टोकांना प्लास्टिकची बारीक टोपणं असतात. ती काढायची राहिली तर वायर धड बसत नाही आणि आवाजही येत नाही. टीव्ही चालू असताना वायरीच्या मोकळ्या टोकाला लाल उजेड दिसला की समजा, टीव्हीकडून आवाज निघतो आहे.

जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर ज्यांच्याकडे आहे ते नशीबवान. टीव्हीच्या ऑप्टिकलपासून एका छोट्या कन्व्हर्टरमधून लाल-पांढऱ्या आरसीए वायरी काढा आणि ॲम्प्लिफायरच्या ‘ऑक्स’, ‘सीडी’ किंवा ‘टेप’ लिहिलेल्या जागी लावा. ‘फोनो’ लिहिलेल्या जागी अजिबात नाही. ती जागा रेकॉर्ड प्लेअरच्या अगदी क्षीण आवाजासाठी असते, तिथे टीव्हीचा आवाज दिलात तर तो फाटून कर्कश येतो. या छोट्या कन्व्हर्टरना फक्त पीसीएम, म्हणजे न आवळलेला डिजिटल आवाज, कळतो. टीव्हीचं ‘डिजिटल आउटपुट’ ऑटोवर किंवा डॉल्बीवर राहिलं तर शुकशुकाट किंवा नुसती खरखर ऐकू येते. सेटिंग पीसीएम करा, लगेच गाणं येईल.

काही बॉक्सना ३.५ मिमीचं ‘एव्ही’ छिद्र असतं. त्यातून पिवळी, लाल, पांढरी अशी तीन टोकांची वायर निघते. आतल्या जोडणीचा क्रम सगळीकडे एकसारखा नसतो, त्यामुळे दुसऱ्या उपकरणाची वायर लावली की एका स्पीकरमधून गाणं आणि दुसऱ्यातून गुरगुर असं होऊ शकतं. गुरगुर म्हणजे चित्राचा सिग्नल. टोकांची अदलाबदल करून पाहा, सहसा पिवळ्यातच हरवलेला आवाज सापडतो.

गाणं नसतानाही स्पीकरमधून सलग ‘हूं’ असा आवाज येत असेल तर केबलची किंवा डिशची गोल वायर बॉक्सपासून क्षणभर सोडवून बघा. आवाज थांबला तर तो ग्राउंड लूप आहे: ती वायर एका जागी जमिनीला जोडलेली, तुमचा ॲम्प्लिफायर दुसऱ्या जागी, आणि त्या दोन्हींतला विजेचा फरक स्पीकरमध्ये ऐकू येतो. ऑप्टिकल वायरीतून फक्त उजेड जातो, वीज जात नाही, म्हणून तिच्यावर आलात की ही घरघर बहुतेक वेळा जाते.

सेटिंग्ज, एकदाच

बॉक्सच्या ‘साउंड’ विभागात जा. ‘सिस्टम साउंड’ बंद करा, नाहीतर रिमोटच्या प्रत्येक बटणाला गाण्याच्या मध्येच ‘टक्’ होतं. ‘सराउंड साउंड’ ऑटोवर ठेवून अडचण आली तर पीसीएम किंवा स्टिरिओ करा. बहुतांश गाणी स्टिरिओच असतात. टीव्हीवर ‘संवाद स्पष्ट’, ‘नाइट मोड’, ‘ऑटो व्हॉल्यूम’ असले प्रकार बोलण्यासाठी बनवलेले आहेत. ते गाण्यातला हळू आणि मोठा यातला फरकच पुसून टाकतात. ‘स्टँडर्ड’ किंवा ‘म्युझिक’ ठेवा.

आवाजाची दोन-तीन नियंत्रणं एकमेकांवर बसतात: ॲपचं, टीव्हीचं, ॲम्प्लिफायरचं. ॲपमधलं पूर्ण वर करा आणि रोजचा कमी-जास्तपणा शेवटच्या उपकरणावर, म्हणजे ॲम्प्लिफायरवर किंवा साउंडबारवर करा. आणि गाण्यावरून चॅनेलवर गेलात की आवाज एकदम खाली का जातो, त्याचंही कारण आहे. युरोपातल्या टीव्ही प्रसारणाचं मानक उणे २३ एलयूएफएस (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका आवाज हळू) आहे आणि संगीत सेवा साधारण उणे १४ च्या आसपास वाजवतात. म्हणजे ९ डेसिबलचा फरक मुळातच असतो. त्यामुळे चॅनेलवरून गाण्यावर येताना आधी आवाज कमी करा, विशेषतः रात्री.

‘हाय-रेझ’ची, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाची, जाहिरात बघून योजना वाढवणार असाल तर थांबा. अँड्रॉइडवरचे बहुतेक बॉक्स सगळा आवाज ४८ किलोहर्ट्झवर आणून मगच बाहेर सोडतात, आणि अ‍ॅपल टीव्ही ४के वरही लॉसलेस (काहीही न गाळलेलं) संगीत ४८ पर्यंतच मिळतं. १९२ किलोहर्ट्झचं गाणं तुम्ही पैसे देऊन घ्याल, कानापर्यंत पोचेल ४८चं. बसायच्या खोलीत हा फरक कुणाला कळत असेल यावर माझा विश्वास नाही, पण पैसे वाया जातात हे नक्की.

पडदा झोपवायचा, गाणं नाही

ओएलईडी टीव्हीवर अल्बमचं एकच चित्र तासन्‌तास राहिलं तर त्याचा डाग पडू शकतो. आणि साध्या एलईडी टीव्हीचा पडदाच बहुतेक वीज खातो, बॉक्सला तर मोजके वॅट लागतात. बऱ्याच टीव्हींत ‘पिक्चर ऑफ’ किंवा ‘स्क्रीन ऑफ’ असा पर्याय असतो, बहुधा चित्राच्या किंवा वीजबचतीच्या मेनूत. तो दाबला की पडदा काळा, आवाज चालू. नसेल तर स्क्रीनसेव्हर काळ्या पार्श्वभूमीचा ठेवा.

याच विभागात दुसरा खोडा असतो. बराच वेळ रिमोटला हात लागला नाही की बॉक्सला वाटतं घरात कुणी नाही, आणि तो झोपी जातो. ‘पॉवर’ किंवा ‘एनर्जी’ मेनूतली ही मुदत वाढवा. टीव्हीलाही स्वतःची अशीच मुदत असते, ती वेगळी बदलावी लागते. टीव्ही पूर्ण बंद करून फक्त ॲम्प्लिफायरवर ऐकायचं असेल तर बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये ‘एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर’ नावाची डबी लावतात. ती एचडीएमआयमधून आवाज वेगळा काढून देते. पण पलीकडे टीव्ही दिसला नाही की काही बॉक्स आवाजच सोडत नाहीत. म्हणून टीव्ही असल्याची बतावणी करणारी, म्हणजे स्वतःची ईडीआयडी सांगणारी डबी बघून घ्या.

इंटरनेट रेडिओ

वर्गणी नको, निवडायचाही कंटाळा, त्यांच्यासाठी हा सगळ्यात सोपा मार्ग, आणि दुर्दैवाने सगळ्यात दुर्लक्षित. जगभरची हजारो केंद्रं फुकट ऐकता येतात. सोमाएफएम आणि रेडिओ पॅराडाइज ही श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारी जुनी नावं आहेत; रेडिओ पॅराडाइज तर फ्लॅकमध्येही प्रसारण देतं. ट्यूनइनसारख्या ॲपमध्ये केंद्रांची यादी तयार मिळते, फक्त मध्ये जाहिराती येतात.

जाहिराती आणि यादीच्या पसाऱ्यापासून सुटका हवी असेल तर व्हीएलसी वापरा. ते फुकट आहे आणि अँड्रॉइड टीव्हीवरही चालतं. प्रत्येक केंद्राचा एक थेट पत्ता असतो. बरीच केंद्रं आपल्या संकेतस्थळावर ‘ऐका’ किंवा ‘स्ट्रीम’च्या पानावर तो देतात, कधी एम३यू किंवा पीएलएस फाइलच्या रूपात. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो, आत एक-दोन ओळींत पत्ता. संगणकावर नोटपॅडमध्ये उघडली तर दिसतो.

आता स्वतःची यादी करा. नोटपॅडमध्ये एका ओळीवर एक असे आवडत्या केंद्रांचे पत्ते लिहा, फाइल एम३यू या शेपटाने साठवा (नोटपॅड मागून टीएक्सटी जोडत नाही ना, ते बघा), पेनड्राइव्हवर टाका आणि तो बॉक्सच्या यूएसबी पोर्टात लावा. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर जवळपास कुठलाही बॉक्स तो वाचतो. व्हीएलसीमध्ये फाइल उघडली की पहिलं केंद्र वाजू लागतं आणि ‘पुढे’चं बटण दाबलं की दुसरं. घरातल्या ज्येष्ठांना ॲप, कोड, खातं यातलं काहीच शिकवावं लागत नाही.

केंद्र निवडताना नुसता आकडा बघू नका. ६४ केबीपीएसचं एचई-एएसी (कमी डेटात बरा आवाज देणारी पद्धत) प्रसारण ऐकण्याजोगं असतं, ६४ केबीपीएसचं एमपी३ मात्र डब्यात बसून गायल्यासारखं वाटतं. एमपी३ असेल तर १२८ च्या खाली जाऊ नका. यादीतलं एखादं केंद्र अचानक गप्प झालं तर बहुधा त्याने पत्ता बदललेला असतो. संकेतस्थळावरून नवा घ्या आणि ती ओळ बदला.

वीज जाऊन आल्यावर सगळीच ॲप एकदम ‘कनेक्ट होत नाही’ म्हणू लागली, पण नेट चालू आहे, अशा वेळी आधी बॉक्सवरची तारीख बघा. बऱ्याच बॉक्सना आतलं घड्याळ टिकवणारी बॅटरी नसते. तारीख कित्येक वर्षं मागे गेली की सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं बॉक्सला खोटी वाटतात आणि तो कुणाशीच बोलत नाही. ‘तारीख आणि वेळ’ नेटवर्कवरून आपोआप घ्यायला सांगा आणि बॉक्स एकदा पुन्हा सुरू करा.